खरवईची मारकुटी

९ ऑक्टोबर १९८९
आज पडले. खोगिरावर पुरती टेकलेही नव्हते. डावा पाय रिकिबीत, उजवा अजून हवेत, तेवढ्यात घोडी मागच्या दोन पायांवर उभी. पाठीवर आपटले, ओठ फुटला. दगडू धावत आला, "ताय, लागला का गो?"
अण्णा खुर्चीतून उठले नाहीत. पटकन उठता येत नाही, खुबा गेलाय. आवाज मात्र अजून फौजेतला. "लगाम सोडला नाहीस ना? मग ठीक. परत चढ."
परत गेले. या खेपेला पडले नाही, कारण तिने जवळच येऊ दिलं नाही.
ऑफिसात सांगितलं, जिन्यावरून घसरले. साहेबांनी दोन पत्रं परत टाइप करायला लावली.

१० ऑक्टोबर
हे लचांड कसं गळ्यात पडलं ते एकदा लिहून ठेवते. नाहीतर पुढे माझं मलाच खरं वाटायचं नाही.
अण्णा फौजेत चाबूकस्वार. नव्या घोड्यांना खोगीर-लगामाची सवय लावायची, बिघडलेल्यांना वळणावर आणायचं, यात सगळी नोकरी गेली. मी डेपोच्या क्वार्टर्समध्येच वाढले. सायकलच्या आधी घोड्यावर बसायला शिकले. मग अण्णा रिटायर झाले, बदलापुरात हेंद्रेपाड्यातल्या या दोन खोल्या घेतल्या, मी अंबरनाथला कंपनीत टायपिस्ट म्हणून चिकटले. घोडा संपला. टांग्याचा तेवढा दिसायचा.
आणि गेल्या महिन्यात उल्हासनगरचा लच्छूशेट दारात. फर्निचरचं मोठं दुकान. कोणीतरी अण्णांचं नाव सांगितलं होतं. खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाला: "भाड़े की घोड़ी तो सब लाते हैं, साईं. मेरा हरेश अपनी घोड़ी पे जाएगा शादी में."
पुण्याहून घेतली, रेसमधून काढलेली. पांढरीशुभ्र. कागदावर नाव मार्गारेट. खरवईला शेटची जागा आहे, तिथे पत्र्याची शेड टाकून ठेवलीये. हरेश एकदाच बसला आणि सरळ लिदीच्या ढिगात गेला. त्यानंतर दगडू, म्हणजे तिथला राखण्या, तिला मारकुटी म्हणतो. आता सगळेच म्हणतात. लग्न फेब्रुवारीत.
अण्णांनी कोणाला न विचारता हो म्हणून टाकलं. पहिल्या दिवशी टोपीबिपी घालून गेले, रिकिबीपर्यंत पाय उचलायला गेले, तो गुडघ्याच्या वर येईना. शेट बघतोय, दगडू बघतोय. अण्णा तसेच उभे, हात खोगिरावर.
मी म्हटलं, "मी बसते."
का म्हटलं? बघवलं नाही म्हणून. एवढंच नाही पण. मला बसायचंच होतं.

१९ ऑक्टोबर
पहाटे उठून खरवई, तिथून धावत ड्यूटी. पुन्हा लेट मार्क. टाइपरायटरसमोर बसलं तरी मांड्या आपोआप आवळतात. जेवताना आई म्हणाली, पाय हलवू नकोस, टेबल हलतंय.
आज अण्णांशी भांडण. लांब दोरीवर गोल फिरवत होते तिला. उजव्या हाताला सुरेख फिरते, कान पुढे, पाऊल मोकळं. डाव्या हाताला घेतली की मान तिरकी, पाय अडखळतात, मग एकदम थांबते. अण्णांनी चाबूक मागितला. खुर्चीतूनच एक ओढला. घोडीला घाम फुटला, पोट थरथरायला लागलं.
"जिद्द आहे ही," अण्णा म्हणाले. "आत्ता मोडली नाही तर कधीच मोडणार नाही."
"जिद्दीला असा घाम येतो?"
"तू मला शिकवू नकोस, रंजे."
मी चाबूक उचलून शेडच्या पत्र्यावर फेकला. अजून तिथेच असेल. परत टांग्याने. एरवी अण्णा टांगेवाल्याला सोडत नाहीत, तंग सैल कर, नाल बघ. आज त्यालाही काही बोलले नाहीत.

२४ ऑक्टोबर
पोटाखालचा तंग आवळताना काही करत नाही. लगाम तोंडात घेते. खोगीर चढवेपर्यंत गाय. मी चढायला गेले की उभी. दाताचं नाही, पाठीचं नाही, बोटं फिरवून पाहिली. मग काय? कोणी चढताना मारलं असेल?
पत्रात "आपला विश्वासू" च्या जागी "आपली घोडी" टाइप केलं. वेळेवर दिसलं म्हणून बरं.

२९ ऑक्टोबर
दिवाळी. फटाक्यांनी बिथरेल म्हणून उजाडताच गेले. गावात लडीवर लडी चालल्या होत्या. नुसते कान हलवले आणि गवत खात राहिली. म्हणजे आवाजाची भीती नाही.
मग कळलं.
दगडू मागच्या बाजूने गवताचा भारा घेऊन आला. अनवाणी, त्यामुळे चाहूल नाही. घोडीच्या डाव्या अंगाला आला, तिने पाहिलंच नाही. भारा मानेला लागला आणि ती जागच्या जागी हातभर उडाली. दगडू भाऱ्यासकट खाली.
रुमाल काढला. डाव्या डोळ्यासमोर हळूच हलवला, वारा लागणार नाही असा. पापणी हलली नाही. अजून जवळ नेला. नाही. उजव्या बाजूला गेले, रुमाल खिशातून काढतेय तोवरच तिने मान फिरवली.
डोळ्यात निळसर झाक आहे हे आम्ही रोज बघत होतो. पांढऱ्या घोडीचा असेल असा रंग, म्हणून सोडून दिलं. आणि चढतो कुठून? डावीकडून. जगातला प्रत्येक स्वार डावीकडूनच चढतो. तिच्या दृष्टीने रोज अंधारातून कोणीतरी अंगावर झेप घेत होतं.
अण्णांना बोलावलं. ते काठी टेकत आले, स्वतः रुमाल हलवून पाहिला. दोनदा. मग तिच्या कपाळावर हात ठेवून उभे राहिले, बराच वेळ. घरी आल्यावर जेवले नाहीत.

२ नोव्हेंबर
अण्णा खरवईला येत नाहीयेत. खुबा दुखतो म्हणतात. आई मला खूण करते, विचारू नकोस.
गुरांचे डॉक्टर येऊन गेले. जुनी सूज, डोळा आतून गेलेला, परत यायचा नाही. दुसरा?
"आज तरी चांगला आहे," म्हणाले.
"आणि पुढे?"
"पुढचं कोण सांगणार, बाई."

५ नोव्हेंबर
उजवीकडून चढले!
जन्मात कधी उजवीकडून चढले नव्हते, माझाच पाय चुकत होता. एखाद्या नवशिक्यासारखी लटकले मधेच. आधी बोलत गेले, मानेवर हात, मग खांद्यावर, बोलणं थांबवलं नाही. चढले. बसले.
चारी पायांवर उभी राहिली. बस, उभीच राहिली. मग एक लांब श्वास सोडला, मला मांडीखाली कळला.
दगडू कुंपणापाशी, "बसला गो, बसला!" त्याला गप्प करायला हात हलवला, तर तोच पडायचा बाकी होता.
अण्णांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "रिकीब एक छिद्र आखूड कर. लांब पायांनी तोल जाईल." म्हणजे ऐकत होते.

१९ नोव्हेंबर
चालीवर छान. दुडकीवर अजून डावीकडे ओढते. डावीकडे वळायचं असलं की आधी आवाज द्यायचा, मग पाय लावायचा. समजायला लागलंय तिला. मलाही.
रविवार म्हणून हरेश आला होता. बापाने पाठवलेला. गोरापान, घाबरट, बोलायला गोड. कुंपणाच्या बाहेरूनच, "दीदी, यहीं से देखता हूँ."
मग बराच वेळ बघून म्हणाला, "इसको एक साइड दिखता नहीं क्या?"
मी चमकले. त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, पापांना मी सांगणार आहे, तू आधी बोलू नकोस.
"बोल दो, प्लीज बोल दो," हात जोडून म्हणाला. "घोड़ी भी बचेगी, मैं भी बचूँगा."
हसले. त्याला खरंच घोड्यावर बसायचं नाहीये. घरात सांगायची छाती नाही. दुकान, लग्न, घोडी, सगळं बापाने ठरवलेलं. मुलगी आवडली का विचारलं तर कानापर्यंत लाल. ती तेवढी आवडलीये.

२५ नोव्हेंबर
अण्णांचं मत: शेटला आत्ता सांगू नकोस. "आंधळी म्हटल्यावर काढून टाकेल. कोण घेईल? टांग्याला जुंपतील, नाहीतर त्याहून वाईट. बदलापूर नाव कशावरून पडलं? इथे घोडे बदलायचे. दमलेला सोडायचा, ताजा घ्यायचा. सोडलेल्याचं काय व्हायचं ते कोणी सांगत नाही."
आणि वरातीत काही झालं तर? हरेश पडला, कोणाचं पोर पायाखाली आलं तर?
अण्णांनी पेपर उघडला.
अंथरुणात या कुशीवरून त्या कुशीवर. घर लहान पडतंय. ऑफिस तर त्याहून लहान.

३ डिसेंबर
सांगून आले. उल्हासनगरला दुकानात. पलंग, कपाटं, सोफे, मधे शेट. चहा मागवला. मी एका दमात सगळं बोलले, डोळा, डॉक्टर, उजवीकडून चढणं. त्याने मधे तोडलं नाही. मला वाटलं आता पुण्याच्या माणसाला शिव्या देणार.
"मेरी माँ को भी आख़िर में दिखता नहीं था," म्हणाला. "आवाज़ से सबको पहचानती थी."
मी कप खाली ठेवला. तोवर लगेच, "लेकिन बारात तो निकलेगी, बेटी. कार्ड छप गया."
टेबलावरून कार्ड उचलून दिलं. कार्डावर पांढऱ्या घोडीचं चित्र.
म्हटलं, शेट, बँड, गर्दी, फटाके, आणि अर्धी बाजू दिसत नाही. तिला नाही जमणार.
"तू है ना."
शेवटी अटी घातल्या. डाव्या बाजूला मी चालणार. बँड पुढे, लांब. डावीकडे फटाका नाही. आणि मी थांब म्हटलं की तिथल्या तिथे थांबायचं. प्रत्येक अटीला मान हलवत होता, "हो जाएगा, हो जाएगा." ते "हो जाएगा" ऐकूनच काळजी वाढली.
नाही म्हणायला हवं होतं का? म्हटलं असतं तर दुसरा कोणी आला असता, डोळ्याचं माहीत नसलेला.

१७ डिसेंबर
हरेश बसला. उजवीकडून. मी दोरीवर फिरवली. पहिले फेरे डोळे मिटून. म्हटलं, अरे एक तरी उघडा ठेव, तिच्यापेक्षा तुझी अवस्था वाईट. हसला तेव्हा खांदे सुटले आणि बसणं सुधारलं. मागच्या पायांवर उभी राहिली तर पुढे वाक, आयाळ धर, लगाम ओढू नको, हे पाठ करून घेतलं.
जाताना तिला गूळ दिला. हात लांब करून, पण दिला.

७ जानेवारी १९९०
दगडूच्या भाचीची हळद. त्यानेच सुचवलं, "ताय, आमचे ढोल आयकव तिला, बँड काय चीज हाय." खरवईतल्या हळदीचे ढोल म्हणजे छातीत वाजतात. तिला रस्त्याकडेला उभी केली, मी डाव्या खांद्याशी, एकसारखी बोलत. घाम आला, पाय नाचवले, मग हळूहळू निवळली. शेवटी कोणाच्या तरी पत्रावळीवरचं खात होती.
अण्णा आले होते! न सांगता, टांगा करून. लांब उभे होते काठीवर. दगडूने त्यांना खुर्ची दिली, बसले नाहीत.
आई: "दुसऱ्याच्या पोराच्या वरातीसाठी एवढी राबतेस. तुझी कधी?" मला कुठे बसायचं नाहीये, कुठून तरी निघायचंय. हे आईला कसं सांगू? मलाच नीट सांगता येत नाही.

१० फेब्रुवारी
उद्या. खरवई ते उल्हासनगर तिला आजच चालवत नेली, अण्णा मागून टांग्यात. अंबरनाथपाशी एक ट्रक डावीकडून अगदी घासून गेला. थांबली, माझ्याकडे कान केला, चालायला लागली. अण्णा टांग्यातून म्हणाले, "शाब्बास." तिला की मला, कळलं नाही.


१३ फेब्रुवारी
कालच लिहायचं होतं, जमलं नाही. डावा हात गळ्यात. गळपट्टीचं हाड मोडलंय.
परवाचं. वरात निघाली. घोडीवर जरीची झूल, गोंडे. हरेश फेट्यात, पुढे मोत्यांच्या माळा, त्याला तर दोन्ही बाजूंनी दिसत नव्हतं. मी डाव्या खांद्याशी. अण्णांनी हट्टाने उजवी बाजू घेतली, काठी टेकत. बँड ठरल्याप्रमाणे पुढे. बायका नाचतायत, शेट नोटा ओवाळतोय, नव्या सफारीत, सगळ्यांना सांगतोय, "अपनी है, अपनी!" आणि घोडी काय चालली! मान कमानीसारखी. लोक गॅलऱ्यांतून बघत होते. मला, खरं सांगते, अभिमान वाटला.
हॉल दिसायला लागला. तिथे शेटच्या कोणा भाच्याने लड पेटवली. डावीकडे. अगदी पायाशी.
ती उभी राहिली. मी दोरी सोडली नाही. तिचा गुडघा खांद्यावर बसला, कट् असा आवाज मलाच आला. हरेश पुढे वाकला, आयाळ धरली, लगाम सोडला. शिकवलं होतं तसं, अगदी तसं. खाली आली, परत उठली, परत आली. अण्णांनी काठी टाकून दोन्ही हातांनी तिच्या तोंडावरची मोहरकी धरली होती. मी बोलत होते, काय ते माहीत नाही. लड संपली. घोडी थरथरत उभी. कोणाला लागलं नाही. माझं सोडून.
म्हटलं, "थांबा."
शेट आला. "बस, सामने ही तो है हॉल. दो मिनट. चलो, चलो, बाजा बजाओ!"
"शेट, ठरलं होतं आपलं."
"बेटी, पूरी बिरादरी देख रही है."
आणि हरेश उतरला. उजवीकडून, हळू, तिच्या मानेवर हात ठेवून. तोंडापुढच्या माळा बाजूला केल्या. चेहरा पांढराफटक, पण आवाज मोठा. "पापा, मैं चल के जाऊँगा."
बँड थांबला. शेटने त्याच्याकडे असं पाहिलं की मीच नजर वळवली. हरेश चालायला लागला. एकटाच, गर्दीतून. मग एक म्हातारी बाई नाचतच त्याच्या मागे गेली, मग सगळे गेले. शेट शेवटी.
आम्ही उरलो. अण्णा, मी, घोडी. अण्णा म्हणाले, "हात कसा आहे?" तेव्हा दुखायला लागलं.

१९ फेब्रुवारी
घरात बसून. एका हाताने टाइप होत नाही म्हणून रजा. भिंतीपासून भिंतीपर्यंत चालते. आई ओरडते.
अण्णा रोज खरवईला जातात. एकटे. खरारा करतात, दोरीवर फिरवतात, संध्याकाळी येऊन मला सगळं सांगतात, किती खाल्लं, लीद कशी. आज म्हणाले, "मी तिला मारलं." ते पाणी प्यायला उठले.

४ मार्च
शेट तिकडे फिरकलेला नाही. गवत मात्र येतंय.
कल्याणचा एक माणूस येऊन गेला म्हणे, लग्नाला घोड्या देणारा. दगडूने त्याला मुद्दाम डावीकडूनच नेला. घोडीने त्याची टोपी उडवली. "मी बोललो, मारकुटी हाय, जप. त्याला वाटला मी उगाच बोलतो." दगडू सांगताना इतका हसला की खोकला लागला.
हसले मीही. पण तो माणूस आपल्या मनाने आला की शेटने पाठवला?

१३ मार्च
होळी झाल्यावर हरेश आला, बायकोला घेऊन. तिने लांबूनच नमस्कार केला, घोडीला की मला! शेट त्याच्याशी कामापुरतं बोलतो. घोडीचं काय, विचारलं. "पापा बोलते हैं देखेंगे. मैंने बोला, रख लो. पहली बार कुछ माँगा है मैंने."
"मग?"
"चुप हो गए. चुप होना अच्छा है कि बुरा, मुझे भी नहीं पता, दीदी."
मी सांगितलं, द्यायचीच असेल तर कल्याणला नको, मला द्या. बोलून गेले. ठेवणार कुठे? हेंद्रेपाड्यात, जिन्याखाली? घरी आल्यावर अण्णांना सांगितलं, वाटलं चिडतील. म्हणाले, "पालेगावला माझ्या ओळखीच्या एकाचा गोठा आहे रिकामा." आई दोघांकडे बघत राहिली.

२५ मार्च
हाताचा पट्टा काल सुटला. आज बसले. डॉक्टरांनी नको म्हटलंय, म्हणून अण्णांनाच सांगितलं नाही, ते यायच्या आधी गेले.
कुंपणाबाहेर पहिल्यांदा. शेताच्या बांधाने नदीकडे. धुकं होतं थोडं. डावीकडे काय आहे ते तिला मी सांगायचं, अशी आता सवय. बाभूळ आहे. म्हैस बसलीये. खड्डा, जपून. सांगायला काही उरलं नाही तेव्हा ऑफिसातली पत्रं म्हटली. "आपले पत्र मिळाले. मालाचा पुरवठा लवकरच." कान माझ्याकडे करून ऐकत होती.
सपाट आलं तेव्हा सोडली. रेसची घोडी, विसरलेच होते. वाऱ्याने डोळ्यांना पाणी, मलाही काही दिसेना. भीती वाटली. थांबवली नाही.
परतले तर दगडू फाटकात. "ताय, शेटचा निरोप आला. उद्या सकाली येतंय."
"एकटे?"
"कोनाला तरी घेऊन येतंय बोलला. कोनाला, ते नाय बोलला."
अण्णांचा टांगा येताना दिसत होता. मी उतरले, तंग सैल केला, तिला सावलीत चालवत राहिले. छाती अजून धपापत होती तिची.